वाचक विचारतात : पंधरा अक्षरं आणि एकही रिपीट नाही

मागच्या अंकात आम्ही एक छोटं कोडं टाकलं होतं, असा इंग्रजी शब्द सांगा ज्यात ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर येतात आणि ते ह्याच क्रमाने येतात. उत्तरं तर आलीच, पण त्याच्या मागोमाग लांबलचक शब्दांबद्दलचे प्रश्न इतके आले की ह्या वेळचा अख्खा कॉलम त्यांनीच खाल्ला. कुंडीतली मिरची आणि पीएफवाल्यांनी जरा दम धरा, तुमचा नंबर पुढच्या अंकात. स्पेलिंग आम्ही देवनागरीतच देतोय, तेव्हा शेजारी कागद-पेन ठेवलेलं बरं.

प्रश्न : मला कोड्याचं उत्तर 'एज्युकेशन' वाटलं, पण मित्र म्हणतो क्रम चुकतोय. मग बरोबर शब्द कोणता, अर्थ काय? आणि उलट्या क्रमाचा पण असतो का? (अकरावीतला विद्यार्थी, कोथरूड)

उत्तर : मित्राचं बरोबर आहे रे. एज्युकेशनमध्ये पाचही स्वर आहेत, प्रत्येक एकदाच आहे, पण क्रम ई-यू-ए-आय-ओ असा लागतो. आपल्याला हवा होता तो शब्द म्हणजे फसीशस, एफ-ए-सी-ई-टी-आय-ओ-यू-एस. अर्थ, जिथे सरळ बोलायला हवं तिथे उगाच विनोद मारणारा. दुसरा ॲबस्टीमियस, ए-बी-एस-टी-ई-एम-आय-ओ-यू-एस, म्हणजे खाण्यापिण्यात हात राखून असणारा. लॅटिनमध्ये टेमेटम म्हणजे कडक दारू आणि अब म्हणजे त्यापासून लांब, असा तो बनलाय, तेव्हा एकादशी दुप्पट खाशी मंडळींनी हा शब्द स्वतःला लावून घेऊ नये. दोघांच्या शेवटी एल-वाय लावलं की वायसुद्धा रांगेत येऊन उभा राहतो. केमिस्ट्री घेतली असशील तर आर्सेनियस पण चालेल, आर्सेनिक असलेला.

उलट्या क्रमाचे तर आपल्या ओळखीचेच आहेत. सबकॉन्टिनेन्टल, क्रिकेटच्या कॉमेंट्रीत पिच फिरायला लागली की हमखास ऐकू येतो तो, अर्थ उपखंडातला, १४ अक्षरं, यू-ओ-आय-ई-ए. आणि अनकॉम्प्लिमेंटरी, १५ अक्षरं, म्हणजे ज्यात कौतुक नाही उलट टोमणाच आहे असं बोलणं. फसीशस आणि अनकॉम्प्लिमेंटरी दोन्ही एकाच ठिकाणी बघायचे असतील तर पेठांमधून एक चक्कर मार आणि फाटकांवरच्या पाट्या वाचत जा.

तुझं उत्तर चुकलं तरी शब्द भारी निवडलास हां. एज्युकेशनची तीच ९ अक्षरं फिरवून लावली की ऑक्शन्ड होतो, म्हणजे लिलावात काढलेलं, आणि अजून फिरवली की कॉशन्ड, म्हणजे सावध केलेलं. विद्येच्या माहेरघरात ॲडमिशनच्या सीझनला हे तिन्ही शब्द एका ओळीत लिहून घरी फ्रिजवर लाव, बाबा काय म्हणतात ते आम्हाला कळव.

प्रश्न : मुलाच्या क्लासमध्ये एक बाई आल्या होत्या, दहा बोटांचे ठसे घेऊन मुलाने पुढे काय करावं ते सांगतात म्हणे, फी बऱ्यापैकी आहे. माहितीपत्रकावर 'डर्मॅटोग्लिफिक्स' असं लिहिलंय. मुलगा म्हणतो ह्या शब्दात एकही अक्षर दोनदा येत नाही. मला अक्षरांपेक्षा अर्थ कळला तर बरं. (एक आई, बाणेर)

उत्तर : ताई, तुमचा मुलगा हुशार आहे, ठसे न घेताच कळलं. डी-ई-आर-एम-ए-टी-ओ-जी-एल-वाय-पी-एच-आय-सी-एस, मोजा, १५ अक्षरं आणि खरंच एकही रिपीट नाही. असा दुसरा शब्द अनकॉपीराइटेबल, तोही १५ चाच, म्हणजे ज्यावर कॉपीराइट घेता येत नाही असं काहीतरी. पहिल्याला पुढे सब लावून मागचा एस काढला की सबडर्मॅटोग्लिफिक होतो, १७ अक्षरं, तरीही रिपीट नाही, पण तो वापरायची वेळ कोणावर येत नाही.

आता अर्थ. ग्रीकमध्ये डर्मा म्हणजे कातडी, त्वचेच्या डॉक्टरांच्या पाटीवर असतो तोच, आणि ग्लिफ म्हणजे कोरीव काम, इजिप्तच्या हायरोग्लिफमधला. बोटांवर, तळहातावर, तळपायावर जी बारीक कोरल्यासारखी नक्षी असते तिचा अभ्यास म्हणजे डर्मॅटोग्लिफिक्स. हॅरॉल्ड कमिन्स नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये हा शब्द तयार केला. ही नक्षी बाळ पोटात असताना, साधारण तिसऱ्या महिन्याच्या आसपास उमटायला लागते आणि मग जन्मभर तशीच राहते. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या तळहातावरची नक्षी वेगळी दिसते हेही कमिन्सनेच अभ्यासून दाखवलं. म्हणजे शास्त्र खरं आहे, त्याबद्दल वाद नाही.

आणि ठशांच्या ह्या गोष्टीत आपल्या देशाचा वाटा मोठा आहे, इंग्रजी पुस्तकांत तो एका ओळीत उरकतात म्हणून इथे सांगतो. १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई ह्या कंत्राटदाराकडून रस्त्याच्या खडीचा करार करून घेतला आणि त्यावर सहीऐवजी त्याच्या अख्ख्या पंजाचा ठसा घेतला, का तर पुढे हा माणूस 'ती सही माझी नाहीच' म्हणायला नको. मग १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं जगातलं पहिलं ब्यूरो सुरू झालं, आणि हजारो ठशांमधून हवा तो पटकन शोधायची जी पद्धत नंतर लंडनच्या पोलिसांनी घेतली तिच्यामागचं डोकं मोठ्या प्रमाणात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस ह्या दोघांचं होतं. नाव मात्र लागलं त्यांच्या साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं.

पण त्या नक्षीवरून मुलगा इंजिनिअर होईल की सीए, त्याचा डावा मेंदू चालतो का उजवा, ह्याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. ठशावरून माणूस कोण आहे ते ओळखता येतं, तो पुढे काय होणार ते नाही. पत्रकावर ग्रीक शब्द छापला की फी वाढवता येते, बाकी काही नाही. आमचं स्पष्ट मत, पैसे वाचवा आणि त्यातून त्याला एक चांगली जाडजूड डिक्शनरी घेऊन द्या, ज्याला १५ अक्षरं तपासावीशी वाटतात तो ती नक्की उघडेल.

प्रश्न : बँकेत जन्म गेला, लेजर लिहून लिहून हात दुखले. 'बुककीपर' हा शब्द काहीतरी एकमेव आहे असं नातू म्हणतो, काय ते सांगा. (एक आजोबा, नारायण पेठ)

उत्तर : आजोबा, नातवाला खाऊ द्या. बी मग डबल ओ, डबल के, डबल ई आणि शेवटी पी-ई-आर. तीन जोड्या एकाला एक चिकटून, मध्ये एकही परकं अक्षर नाही. सरळ एकसंध शब्दांमध्ये असा दुसरा नाही, बुककीपिंग आहे पण तो त्याच घरातला. सोसायटीची कमिटी जवळ येते, डबल एम, डबल टी, डबल ई, पण मध्ये एक आय घुसलाय, सोसायटीच्या कमिटीत कोणी ना कोणी मध्ये घुसतंच. काही मंडळी सबबुककीपर असा चार जोड्यांचा शब्द सांगतात, म्हणजे हिशेबनिसाच्या हाताखालचा हिशेबनीस, पण तो गमतीसाठी जुळवलेला आहे, तुमच्या बँकेत अशी पोस्ट होती का? आणि डबल अक्षरांवरून आठवलं, डबल एन्ट्रीची पद्धत छापील पुस्तकात मांडली ती इटलीतल्या लुका पाचोलीने, १४९४ मध्ये. गणित शिकवणारा संन्यासी होता तो.

प्रश्न : नीटची तयारी करतेय. डिक्शनरीतला सगळ्यात मोठा शब्द ४५ अक्षरांचा आहे आणि तो एका आजाराचं नाव आहे असं ऐकलं, तो पाठ करून उपयोग आहे का? (विद्यार्थिनी, सिंहगड रोड)

उत्तर : परीक्षेत उपयोग शून्य. पण कसा जोडलाय ते बघण्यासारखं आहे, म्हणून एकदा तुकडे करूया. न्यूमोनो ८ अक्षरं, फुप्फुसाशी संबंधित. अल्ट्रा ५, पलीकडचं. मायक्रोस्कोपिक ११, सूक्ष्मदर्शकातून दिसणारं. सिलिको ६, वाळूत असते ती सिलिका. व्होल्कॅनो ७, ज्वालामुखी. कोनिओसिस ८, ग्रीक कोनिस म्हणजे धूळ, त्यावरून धुळीने होणारा आजार. बेरीज कर, ४५. सगळं एका दमात म्हटलं की न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस, म्हणजे ज्वालामुखीतून उडालेली सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ श्वासात जाऊन होणारा फुप्फुसाचा विकार. असे तुकडे करायची सवय मात्र लाव, बायोलॉजीत रोज कामाला येईल, न्यूमो, हायपो, ऑसिस, आयटिस एवढे वीसेक तुकडे ओळखीचे झाले की अर्धा धडा आपोआप सुटतो.

आता ह्यातली गोम. हा शब्द कुठल्या डॉक्टरने पेशंट बघून ठेवलेला नाही. १९३५ मध्ये अमेरिकेत कोडी सोडवणाऱ्या हौशी लोकांची एक संघटना होती, नॅशनल पझलर्स लीग, तिचा अध्यक्ष एव्हरेट स्मिथ ह्याने मुद्दाम, सगळ्यात लांब शब्द व्हावा म्हणूनच तो बनवला, न्यूयॉर्कच्या पेपरात तो छापून आला आणि पुढे मोठमोठ्या डिक्शनऱ्यांनीही घेतला. डॉक्टर केस पेपरवर लिहितात ते सिलिकोसिस, एवढंच.

आणि सिलिकोसिस हा अजिबात गमतीचा विषय नाही बरं का. दगड फोडणारे, क्रशरवर काम करणारे, फाउंड्रीत वाळूचे साचे हाताळणारे, गुजरातेत खंबातला अकीक घासून पॉलिश करणारे, मध्य प्रदेशात मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापणारे, अशा लोकांच्या फुप्फुसात ती धूळ बसते, फुप्फुसं कडक होत जातात आणि झालेलं नुकसान भरून निघत नाही, कुठलं औषध त्यावर नाही, धूळ नाकात जाऊच न देणं एवढाच उपाय. ज्या पेन्सिलीने आपल्या आधीच्या पिढ्या अ आ इ गिरवायला शिकल्या ती कापणाऱ्याचं हे असं झालं. कोड्यातल्या ४५ अक्षरांमध्ये ज्वालामुखी आहे पण क्रशर नाही, म्हणून आम्हाला तो शब्द कधीच आवडला नाही.

त्यापेक्षा खरोखर डॉक्टरांनी कामासाठी बनवलेला लांब शब्द हवा असेल तर हा घे, स्यूडोस्यूडोहायपोपॅराथायरॉइडिझम, ३० अक्षरं. स्यूडो म्हणजे खोटा, आणि तो दोनदा आलाय ती प्रिंटिंग मिस्टेक नाही. पॅराथायरॉइड ग्रंथींचं हॉर्मोन कमी पडलं की रक्तातलं कॅल्शियम उतरतं, तो मूळ आजार. काही लोकांत हॉर्मोन भरपूर असतं पण शरीर त्याला दादच देत नाही, परिणाम तोच, म्हणून तो खोटा आजार. आणि काहींची उंची कमी, चेहरा गोल, हातापायाची काही हाडं आखूड, सगळी ठेवण त्या खोट्या आजारासारखी, पण कॅल्शियम एकदम नॉर्मल, म्हणून तो खोट्याचा खोटा. फुलर ऑलब्राइट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये हे नाव दिलं. लांब आहे पण प्रत्येक अक्षर पगारापुरतं काम करतंय.

प्रश्न : शशी थरूर यांनी वापरलेला तो भलामोठा शब्द कोणता, ज्यात म्हणे आयच आय आहेत? आणि चर्चवाला एक लांब शब्द आहे तो काय? (एक गृहिणी, धायरी)

उत्तर : फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन. २०१८ मध्ये थरूर यांनी आपल्या नव्या पुस्तकाची माहिती देताना ट्विटरवर वापरला आणि देशभर लोक डिक्शनरी शोधत बसले. २९ अक्षरं, आय ९ वेळा येतो आणि इंग्रजीत ज्याच्याशिवाय पान हलत नाही तो ई एकदाही नाही. अर्थ एकदम घरगुती आहे, एखाद्या गोष्टीला कस्पटासमान लेखणं. फ्लॉकी म्हणजे लोकरीचा पुंजका, नॉकी म्हणजे क्षुल्लक वस्तू, निहिली म्हणजे काहीच नाही, पिली म्हणजे केस. 'ह्याची किंमत शून्य' असं म्हणायचे हे लॅटिनमधले चार प्रकार, इंग्लंडमधल्या शाळांच्या व्याकरणात ते एकत्र दिलेले असायचे, पोरांनी किंवा कोणा मास्तराने चारही एका माळेत ओवले. लेखी उल्लेख १७४१ चा आहे, विल्यम शेनस्टन नावाच्या कवीच्या पत्रात. फक्त आयचीच हौस असेल तर इनडिव्हिजिबिलिटी बघा, अविभाज्यता, आय ६ वेळा आणि शेवटचा वाय सोडला तर दुसरा स्वरच नाही.

चर्चवाला म्हणजे अँटीडिसएस्टॅब्लिशमेंटॅरिअनिझम, २८ अक्षरं. सरकार आणि चर्च ह्यांचं अधिकृत नातं तोडायचं म्हणजे डिसएस्टॅब्लिशमेंट, आणि ते तोडू नका म्हणणाऱ्यांची भूमिका म्हणजे हा शब्द. १८६९ मध्ये ग्लॅडस्टन पंतप्रधान असताना आयर्लंडमधल्या चर्चपुरतं हे नातं कायद्याने तोडलं, तेव्हा ब्रिटनमध्ये ह्यावरून केवढी रणं माजली होती. आज हा शब्द भांडणात कोणी वापरत नाही, फक्त लांबी दाखवायला काढतात.

शेक्सपिअरने एका विनोदी नाटकात विदूषकाच्या तोंडी घातलेला होनोरिफिकॅबिलिट्यूडिनिटॅटिबस पण सांगून टाकतो, २७ अक्षरं, सन्मानाला पात्र असणं असा काहीसा अर्थ, आणि गंमत म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत एक व्यंजन एक स्वर, एक व्यंजन एक स्वर, कुठेही ठेका चुकत नाही.

प्रश्न : ग्रुपवर कोडं आलंय, इंग्रजीत जी-आर-वायने संपणारे तीन शब्द आहेत, अँग्री, हंग्री आणि तिसरा कोणता? दोन दिवस झोप नाही. (रिक्षाचालक, कात्रज)

उत्तर : दादा, झोपा. रोजच्या इंग्रजीत तिसरा नाहीच. मूळ कोडं शब्दच्छलाचं होतं, प्रश्नाच्या वाक्यातच उत्तर लपवलेलं असायचं, फॉरवर्ड होता होता ते वाक्य मोडलं आणि अर्धवट कोडं जगभर फिरत राहिलं, आपल्याकडे यायलाच उशीर झाला. ग्रुपवर सूड उगवायचा असेल तर त्यांना विचारा, एम-टीने संपणारा शब्द सांगा. ड्रीम्ट, स्वप्न पाहिलं ह्या अर्थाचा, आणि त्याच्यापासूनच बनलेले अनड्रीम्ट वगैरे, बस. किंवा डी-ओ-यू-एसने संपणारे चार विचारा, ट्रिमेंडस प्रचंड, स्टुपेंडस थक्क करणारा, हॉरेंडस भयंकर आणि हॅझार्डस धोक्याचा. चौथा टँकरच्या मागे लिहिलेला असतो, तुम्हाला रोज दिसतो.

प्रश्न : सिनेमॅटोग्राफरच्या अक्षरांतून एका प्राण्याचं नाव होतं असं वर्गात कोणीतरी म्हणालं. खरं का? (सिनेमाचं शिकणारा, लॉ कॉलेज रोड)

उत्तर : खरं आहे, आणि प्राणी ऐकून तुझ्या कॅमेऱ्यावाल्या मित्रांना आवडेल का माहीत नाही. मेगॅकायरॉप्टेरन, एम-ई-जी-ए-सी-एच-आय-आर-ओ-पी-टी-ई-आर-ए-एन, म्हणजे मोठं, फळं खाणारं वटवाघूळ. दोन्हीकडे १५ अक्षरं, ए दोन, ई दोन, आर दोन, बाकी एकेक, तंतोतंत तीच. मेगा मोठं, कायर म्हणजे हात, टेरॉन म्हणजे पंख, हाताचाच पंख झालाय असा प्राणी. हेलिकॉप्टरच्या शेवटी तोच पंख आहे, हेलिको म्हणजे गोल फिरणारा आणि प्टर म्हणजे पंख, आपण उगाच हेली आणि कॉप्टर असे तुकडे पाडतो. तुमच्या भागात फिल्म इन्स्टिट्यूट १९६० पासून प्रभात स्टुडिओच्या जागेवर उभं आहे, रात्र रात्र जागून शूट करणारे तिथे पिढ्यानपिढ्या तयार झाले, तेव्हा हा योगायोग अगदीच वाईट नाही. तसाच अजून एक पुणेरी जोड, पर्कशन आणि सुपरसॉनिक, दोघांची १० अक्षरं एकच. पहिल्यात आपले ढोल-ताशे येतात, दुसऱ्यात लोहगावची सुखोई, आणि गणपतीच्या आधी नदीकाठी सराव सुरू झाला की कानाला दोन्हीतला फरक कळत नाही.

प्रश्न : स्वर नसलेले इंग्रजी शब्द असतात का? टीचर म्हणाल्या शोधून आण. (सातवीतली मुलगी, हडपसर)

उत्तर : असतात की. ए, ई, आय, ओ, यू नको असतील तर वायला कामाला लावायचं. ऱ्हिदम्स, आर-एच-वाय-टी-एच-एम-एस, ताल किंवा लय. पण टीचरना चकित करायचं असेल तर सिझिजी ने, एस-वाय-झेड-वाय-जी-वाय. सहा अक्षरं, त्यात वाय तीन. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत येतात, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला, त्या स्थितीचं हे नाव, ग्रहणं तेव्हाच होतात आणि समुद्राला उधाणाची भरती पण तेव्हाच येते. मूळ ग्रीक अर्थ एका जुवाला जोडलेले, बैलजोडीला असतं ना ते जू. आणि एकच स्वर असलेला लांब शब्द विचारला तर स्ट्रेंग्थ्स सांग, ताकदी, ९ अक्षरं आणि मध्ये एकटा ई बिचारा.

प्रश्न : औषधाच्या दुकानात बसतो. एका पाकिटावर एक्स-वाय-झेड सलग दिसलं, असे अजून आहेत का? (वारजे)

उत्तर : तुम्ही हायड्रॉक्सिझिन वाचलंत, खाज आणि ॲलर्जीवर देतात ते, झोप आणणारं, गिऱ्हाइकाला गाडी चालवू नका म्हणून सांगत जा. आर-एस-टी-यू सलग हवं तर अंडरस्टडी, नाटकात मुख्य नट आजारी पडला तर उभं राहता यावं म्हणून त्याची भूमिका पाठ करून तयार असलेला नट. एच-आय-जे हवं तर हायजॅक. पुढची पाकिटं तुम्हीच तपासा.

प्रश्न : चाळीस वर्षं कापडाच्या धंद्यात. मुलगी म्हणते 'चिन्ट्झ' ह्या शब्दात सगळी अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने आहेत. हा शब्द आपलाच ना? (लक्ष्मी रोड)

उत्तर : शंभर टक्के आपला. सी-एच-आय-एन-टी-झेड, एकही अक्षर मागे वळत नाही. आणि मूळ म्हणजे हिंदीतली छींट, आपली छीट, फुलापानांची नक्षी छापलेलं सुती कापड. साहेबांनी छींटचं अनेकवचन केलं आणि ते अनेकवचनच पुढे मूळ शब्द होऊन बसलं. सतराव्या शतकात युरोपात ह्या कापडाचं असं वेड पसरलं की तिथल्या लोकर-रेशमाच्या विणकरांचा धंदा बसला, कारण आपले रंग धुतले तरी जात नव्हते आणि त्यांना ती कला जमत नव्हती. मग १६८६ मध्ये फ्रान्सने बंदी घातली आणि १७२१ मध्ये इंग्लंडने छापील सुती कापड वापरण्यावरच कायदा केला. बायका तरी नेसायच्या थांबल्या नाहीत म्हणतात, रंग पक्का तशी हौस पण पक्की. पुढे त्यांच्याकडे कारखाने आले, स्वस्त नकला निघाल्या आणि चिन्ट्झी म्हणजे भडक, हलक्यातलं असा अर्थ झाला. माल आपला, नाव आपलं आणि बदनामी त्यांच्या नकलेची, हे आम्हाला अजून पचत नाही.

क्रमाने जाणारे बाकीचे पटकन सांगतो. ऑलमोस्ट, जवळजवळ. बायोप्सी, तपासायला काढलेला तुकडा. ८ अक्षरांचा एजिलॉप्स, गव्हाच्या भाऊबंदातलं रानगवत, आपल्या पोळीच्या गव्हात त्याचा अंश आहे. उलट्या क्रमाने रॉन्ग्ड, ज्याच्यावर अन्याय झाला तो, आणि डबल चालत असतील तर स्पूनफीड, ९ अक्षरं, आयतं भरवणं.

प्रश्न : ऑफिसात इंग्रजी पत्रं ड्राफ्ट करावी लागतात. सुपरसीड, सक्सीड, प्रिसीड, सगळे सीडच, स्पेलिंग दर वेळी वेगळं. काही युक्ती? (सरकारी कर्मचारी, शिवाजीनगर)

उत्तर : आहे, आणि सोपी आहे. एस-ई-डी-ईने संपणारा फक्त एक, सुपरसीड. डबल ई आणि डी असे फक्त तीन, एक्सीड ओलांडणे, प्रोसीड पुढे जाणे, सक्सीड यशस्वी होणे किंवा गादीवर येणे. उरलेले सगळे सी-ई-डी-ई, प्रिसीड आधी येणे, कन्सीड मान्य करणे, रिसीड ओसरणे, इंटरसीड मध्यस्थी करणे. कारण असं की ह्या सगळ्यांच्या पोटात लॅटिन केडेरे आहे, जाणे किंवा वाट देणे, आणि एकट्या सुपरसीडमध्ये सेडेरे, बसणे. सुपर म्हणजे वर. वर जाऊन बसणे. तुमच्या जीआरमध्ये 'पूर्वीचा शासन निर्णय अधिक्रमित करण्यात येत आहे' असं येतं ना, तेच ते, नवा जीआर जुन्याच्या डोक्यावर बसला. एवढं डोळ्यासमोर ठेवलंत तर तिथे सी लिहायला हात धजावणार नाही. फक्त प्रोसीडमध्ये डबल ई आणि प्रोसीजरमध्ये एकच ई, हे मात्र लक्षात ठेवा. तिथे कारण शोधत बसू नका, पाठ करून टाका आणि पत्र पुढच्या टेबलवर सरकवा.